स्वतःच्या बडग्यामागून चाललेला माणूस

परदेशी भाडेकरू ठेवू नये असं माझं मत होतं. आमच्या ह्यांचं मत असं की भाडेकरू तो भाडेकरू, मग तो पोलंडचा असो की पारशिवनीचा. आमच्या घरात ह्यांचं चालतं असं लोकांना उगाच वाटतं. त्या वेळी मात्र खरंच ह्यांचं चाललं. दोन बॅगा, एक जाडजूड कोट आणि फुटबॉलांनी भरलेली जाळी घेऊन तो उंच, पिवळ्या केसांचा, खचलेल्या चेहऱ्याचा माणूस वरच्या दोन खोल्यांत राहायला आला. तोंडावर मी त्याला कोचसाहेब म्हणायचे आणि पाठीमागे नुसतं 'तो'. हे पाठीमागेच लिहिते आहे, म्हणून तो.

आमचं घर जरीपटक्याच्या बाजाराच्या मागे. तिथून सायकलने जाण्याइतक्या अंतरावर एका ट्रस्टने मुलींसाठी फुटबॉलची निवासी अकादमी काढली होती. रामटेक, पारशिवनीकडच्या खेड्यांतून निवडून मुली आणल्या होत्या आणि त्यांचं राहणं, खाणं, शिक्षण सगळं ट्रस्टकडे होतं. चौकात मोठी पाटी लागली, 'विदेशी प्रशिक्षक'. पाटीवर तो हसत होता. प्रत्यक्षात त्याला हसताना मी एकदाच पाहिलं, आणि तेही फोनवर.

त्याच्या उदासपणात ढोंग नव्हतं. आपण जिन्यात भेटलेल्या माणसाला "बरं आहे ना?" म्हणतो ते काही उत्तर ऐकायला नव्हे. हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो थांबायचा, विचार करायचा आणि म्हणायचा, "नाही. गुडघा खराब. झोप खराब. काल मॅच, खूप खराब." विचारणाऱ्याचा एक पाय वरच्या पायरीवर अडकून राहायचा. हळूहळू गल्लीतल्या लोकांनी त्याला खुशाली विचारणं सोडलं आणि लांबूनच नमस्कार सुरू केला. तो मात्र कुत्र्यालासुद्धा हात जोडून नमस्कार करायचा.

मे महिन्यात त्याने माझी लोणच्याची बरणी मागून नेली. मला वाटलं, चला, संसाराला लागला. त्याने त्यात पत्ताकोबी चिरून, मीठ लावून, दगडाखाली दाबून गच्चीवर ठेवली. नागपूरचा मे! चौथ्या दिवशी शेजारचे म्हणाले नालीत घूस मेली, पाचव्या दिवशी नाली साफ करायला माणूस आला, आणि सहाव्या दिवशी मी वास घेत घेत गच्चीवर गेले तर हा बरणीजवळ बादलीत पाय सोडून बसलेला. ती आंबवलेली कोबी तो वरणभातावर घालून खायचा. मी एकदा चाखली. वाईट नव्हती, पण त्याला तसं सांगितलं असतं तर त्याने माझ्या सगळ्या बरण्या नेल्या असत्या.

इंग्रजी त्याचं आणि मुलींचं सारखंच, म्हणजे नसल्यासारखं. त्यामुळे तो मुलींचीच भाषा शिकला. पहिला शब्द शिकला 'काहून', आणि मग तो शब्द त्याने सोडलाच नाही. दूधवाला आला नाही, काहून? लाइट गेली, काहून? पास दिला नाही, काहून? रागावून नाही विचारायचा. त्याला खरोखरच कारण हवं असायचं. आपल्याकडे मोठ्या माणसाने काहून विचारलं की खाली मान घालून उभं राहायचं असतं, हेच त्याचं उत्तर. मुली तशा उभ्या राहायच्या. हा चेंडूवर पाय ठेवून थांबायचा. खेळ बंद, सगळ्या उन्हात उभ्या, आणि हा उत्तराची वाट पाहतोय.

एक दिवस पारशिवनीकडची वैशाली नावाची मुलगी कंटाळून बोलली, "सर, भेव वाटला. ते पोरगी अंगावर आली त मले भेव वाटला."

त्याने टाळी वाजवली. "शाब्बास. आता समजलं." पुढच्या आठवड्यात त्याने वैशालीला कॅप्टन केलं. तिच्याहून चांगल्या खेळणाऱ्या दोघी होत्या, त्या रुसल्या. त्यांनी विचारलं असतं तर त्याने कारण सांगितलं असतं, पण त्यांना विचारायचा भेव वाटला असेल.

त्याचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, उन्हाळ्याच्या दुपारी लाइट गेली की तो खाली आमच्या ओसरीवर येऊन बसायचा तेव्हा. गाव कोळशाच्या खाणींचं. बाप खाणीत, आजा खाणीत. फुटबॉल खेळायचा म्हणजे खाली उतरायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. खाणवाल्यांच्या क्लबातून तो दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धांत बरीच वर्षं खेळला. पहिल्या दर्जाचा सामना आयुष्यात एकच. त्या दिवशी बर्फ पडत होता, म्हणून चेंडू नारिंगी होता. शेवटी शेवटी ह्याला आत पाठवलं. तो नारिंगी चेंडू आपल्याकडे येताना त्याने पाहिला, आणि पाय घसरला. तोच तो गुडघा.

"चेंडूला पाय तरी लागला का?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पण रंग अजून दिसते."

मग प्रशिक्षकाचं शिक्षण घेतलं आणि देशोदेशी फिरला. कुठलीशी बेटं, मग आफ्रिका, मग नेपाळ, मग आपण. सगळीकडे एकच गोष्ट व्हायची असं तो म्हणायचा. येताना हार घालतात, फोटो काढतात. मग मैदानात गुरं येतात, नाहीतर सर्कस येते, नाहीतर पुढारी येतो. "पहिले गवत जाते," तो बोट दाखवून सांगायचा, "मग कोच जाते."

तिकडे त्याचं कोणी उरलं नव्हतं. आई गेली होती, बायको कधीचीच दुसऱ्याबरोबर जर्मनीत होती, खाण बंद पडली आणि खाणीमागून क्लबही. मी एकदा म्हटलं, "तरी आपलं गाव ते आपलं गाव." त्यावर तो म्हणाला, "काकू, तिथं मले कोणी ओळखत नाही. इथं पानठेलेवाला ओळखते." त्याला इथेच राहायचं होतं. हे तो लपवून ठेवत नव्हता. गुडघा दुखतो हे जसं सांगायचा तसंच सांगायचा. ह्यांनी गमतीने विचारलं, "काय कोचसाहेब, मरेपर्यंत राहता का मग?" त्याने गमतीला गंभीरपणे उत्तर दिलं. जरीपटक्यातली ख्रिश्चनांची दफनभूमी तो पाहून आला होता. झाडं चांगली आहेत म्हणाला.

पण त्याचं राहणं त्याच्या हातात नव्हतं. ट्रस्ट दरवर्षी पोळ्यानंतर त्याचा करार वाढवून द्यायचा आणि त्या करारावर व्हिसा. करार नाही तर नागपूर नाही. श्रावण लागला की तो माझ्याशीही कमी बोलायचा.

ट्रस्टचे अध्यक्षसाहेब माणूस कर्तबगार. शहरात त्यांची तीन लॉन होती. उघड्यावर लग्न लावायच्या जागेला आमच्याकडे लॉनच म्हणतात. तिसऱ्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं की अकादमीचं मैदान हेही तसं पाहिलं तर लॉनच आहे. आधी एक लग्न झालं, ट्रस्टींच्याच घरचं. मग दुसरं. मग लग्नसराईत मैदानावर मांडव आणि मुली गेटबाहेर डांबरी रस्त्यावर, असं सुरू झालं. मांडव निघाला की गवतात खिळे राहायचे. एका मुलीच्या तळव्यात बुटातून खिळा गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून ह्याचा नवाच उद्योग सुरू झाला. भंगारातल्या मोठ्या स्पीकरचं लोहचुंबक त्याने आणलं, त्याला दोरी बांधली, आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो ते मैदानभर ओढत फिरायचा. हळू, सरळ रेषेत, शेत नांगरल्यासारखा. मागून मुली अक्षता, पत्रावळी, आइस्क्रीमचे कप वेचायच्या. निघालेले खिळे तो तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायचा आणि डबा आमच्या गच्चीवर आणून ठेवायचा. फेकून का देत नाही म्हटलं तर म्हणाला, फेकले तर कोणीतरी परत मांडवाले लावते.

सामना हरला की त्याचा एक नियम होता. मुलींना एका ओळीत उभं करायचं आणि मैदानाकडे पाठ करून चालवत न्यायचं. मागे पाहायचं नाही. कोणी पाहिलं की सगळ्यांनी परत जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून निघायचं. मला हा पोरकटपणा वाटे. तो कुठून आला हे मला त्या वर्षीच्या पोळ्याला कळलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन बायांच्या मोठ्या मूर्ती इतवारीतून मिरवत नेतात, त्यांच्यामागे माणसांसारखे पुतळे असतात, त्यांना बडग्या म्हणतात. ज्याची ज्याची म्हणून पीडा झाली असेल त्याचा बडग्या करायचा, महागाईचा, रोगराईचा, खराब रस्त्यांचा, आणि ओरडायचं, 'घेऊन जा गे मारबत!' शेवटी सगळं जाळून टाकायचं. ओसरीवर बसून हे ह्यांनी त्याला रंगवून सांगितलं. तो उठून उभाच राहिला.

त्याच्या आईच्या गावीही हे होतं. हिवाळा संपला की पोरं गवताची बाई करायची, तिचं नाव मर्झान्ना. तिला जुने कपडे घालायचे, गाणी म्हणत नदीवर न्यायचं, बुडवायचं. मग घरी परतायचं आणि मागे वळून पाहायचं नाही, कारण पाहिलं तर थंडी आणि आजार मागोमाग घरी येतात. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "काकू, इतक्या दूर आलो आणि इथं मर्झान्ना आहे."

मग काय, मुलींनी बडग्या करायचं ठरवलं. कशाचा, हे वेगळं ठरवायची गरजच नव्हती. वैशालीने गावाहून एसटीच्या टपावर टाकून पुतळ्यात भरायला धानाची तणस आणली. आमच्या गच्चीवर दोन दिवस नुसता धुडगूस. पोत्याच्या तोंडाला चुना फासला, पोट मोठं केलं, गळ्यात तारेत ओवलेली खिळ्यांची माळ घातली, डोक्यावर मैदानात सापडलेला कोणा नवरदेवाचा लाल फेटा. छातीवर पाटी, 'मैदान खाणाऱ्या बकासुराले घेऊन जा गे मारबत'. अध्यक्षसाहेबांचं नाव कुठेच नव्हतं. तेवढी अक्कल मुलींना होती.

कपड्यांचं अडलं. जुनं धोतर गुंडाळू म्हणत होत्या, तर हा खोलीत गेला आणि आपला अकादमीचा निळा ट्रॅकसूट घेऊन आला. मी म्हटलं, "अहो, चांगला आहे अजून." तो म्हणाला, "कपडे खरे पाहिजे, काकू. खोट्या कपड्यात पीडा बसत नाही."

मी मिरवणुकीला गेले नाही. गर्दी मला झेपत नाही. हे गेले होते. इतवारीत एका गल्लीच्या तोंडाशी वर ताणलेल्या तोरणात बडग्याचा फेटा अडकला आणि निघून गेला. मागून रेटा होता, मुली पुढे ढकलल्या गेल्या, कोणाच्या लक्षातही आलं नाही. फेट्याखालची पिवळी तणस मोकळी झाली. आता पाहा: चुन्याने पांढरं तोंड, पिवळे केस, अकादमीचा ट्रॅकसूट, तोही गावात एकाच माणसाला बसेल एवढा लांब. आणि छातीवर 'मैदान खाणारा'. लोकांना आणखी काय पाहिजे? अकादमी त्या वर्षी सगळे सामने हरलेली होती. "अरे, हरणाऱ्या कोचचा बडग्या! पोरींनीच काढला!" असा गलकाच झाला. आणि त्या बडग्यामागे, दोन्ही हात वर करून, सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत, तो स्वतः चालला होता, "घेऊन जा गे मारबत!"

दुपारी त्याचा व्हिडिओ माझ्या फोनवर आला, सगळ्या नागपूरच्या फोनवर आला तसाच. मी त्याला हसताना पाहिलं ते तेव्हा. पाटीवरच्यासारखं नाही, दात दिसेपर्यंत, पावसाने भिजलेल्या तोंडाने. मला रडू आलं, आणि मग ज्या कोणी तो काढला होता त्याचा असा संताप आला की मी फोन डाळीच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

पुढच्या आठवड्यात ट्रस्टने बैठक बोलावली. वैशाली माझ्याकडे आली. "काकू, तुमी चाला ना जी. आमच्यासंग मोठं कोणी नाही." मी गेले. अध्यक्षसाहेबांनी चहा मागवला, मग टेबलावर फोन उभा करून सगळ्यांना ती मिरवणूक दाखवली.

"पाहा कोचसाहेब," ते फार गोड बोलले, "करार वाढवाले आपली काही ना नाही. पण पोरींच्याच मनात तुमी नाही, त आपण जबरदस्ती काहून करावं? त्यायनंच तुमचा बडग्या काढला." मग त्यांनी मुलींकडे पाहिलं. "की दुसऱ्या कोनाचा होता? असन त सांगा. बोल वं, कॅप्टन. हा बकासुर कोन आहे?"

त्यांना खरं माहीत होतं की नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण खोलीतल्या प्रत्येकाला कळलं की दोनच उत्तरं आहेत. बडग्या कोचचा म्हटलं तर कोच जाणार. खरं सांगितलं तर मुली जाणार, हॉस्टेल जाणार, शाळा जाणार, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची त्याच वर्षी घरी लग्नं लागणार. वैशाली उभी राहिली. मान खाली नव्हती. त्या पोरीला त्याने कारण सांगायला शिकवलं होतं आणि ती सांगणार होती.

"साहेब, तो बडग्या..."

"माझा," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो खुर्चीत ताठ बसला होता. "माझा बडग्या. तीन वर्षं, टीम हरते. मैदान मी खराब केलं. पोरी बरोबर आहे."

"सर!" वैशाली ओरडली.

"बस," तो म्हणाला. त्याने तिला कधी बस म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. अध्यक्षसाहेबांनी फोन खिशात ठेवला आणि त्याच्या मोठेपणाबद्दल चार शब्द बोलले. चहा आला, तो कोणी प्यायलं नाही.

बाहेर आल्यावर वैशालीने त्याची वाट अडवली. ती रडत होती आणि भांडतही होती. "सर, खोटं काहून बोलले? तुमीच म्हनता ना, कारन सांगा म्हनून? मंग सांगा! काहून?"

उत्तराची वाट पाहायला त्यानेच शिकवलं होतं, ती वाट पाहत उभी राहिली. बाकीच्याही उभ्या राहिल्या. त्याने खाली मान घातली.

"भेव वाटला," तो म्हणाला.

पीडा काही गेली नाही. त्याच हिवाळ्यात मैदानात फरशा बसल्या, मधे कारंजं आलं. चौकातली पाटी अजून आहे, तिच्यावर तो हसतोही आहे, खाली आता लॉनच्या बुकिंगचा बाण आहे. मुलींना दहावी-बारावीपर्यंत ठेवलं, एवढा शब्द ट्रस्टने पाळला. वैशाली रामटेकला एका शाळेत खेळ शिकवते. ती म्हणते, मीही पोरींना काहून विचारते आणि थांबते, पण काकू, माझ्या पिरिअडले तीस-चाळीस मिनिटंच राहतात. त्याचा नाताळला एकदा फोन आला होता. जर्मनीत कुठल्याशा गोदामात खोकी उचलत होता. "बरं आहे ना?" मी विचारलं. "नाही," तो म्हणाला, आणि मला किती बरं वाटलं ते त्याला सांगायचं राहून गेलं. पुढच्या वर्षीपासून तो नंबर लागत नाही. वरच्या खोल्या मी कोणाला दिल्या नाहीत. माझं मत मी आधीच सांगितलं आहे.

तो गेला तो दिवस ऑक्टोबरचा, ऊन मी म्हणत होतं. बॅगा भरल्या म्हणून त्याने तो जाडजूड कोट अंगातच घातला होता. विमानतळावर काचेच्या दारासमोर आम्ही सगळे. मुलींनी हार आणला होता, त्याने तो घालून घेतला नाही. हातात धरला.

"ऐका," तो म्हणाला. "मारबत गावाबाहेर नेली की काय करते? घरी जाते. आता पीडा मी घेऊन जाते. तुम्ही लाइन करा. मागे पाहायचं नाही."

कोणी हसलं नाही, कारण तो थट्टा करत नव्हता. त्याचा त्यावर विश्वास होता की काय, देव जाणे. मुलींनी ओळ केली, हरलेल्या सामन्यानंतर करायच्या तशी. वैशाली सगळ्यांत पुढे. तिची मान इतकी ताठ होती की मानेवरची शीर दिसत होती. त्या चालू लागल्या. आमचे हे चालू लागले. एकीनेही वळून पाहिलं नाही. त्याचं शिकवणं वाया गेलं नव्हतं.

मी पाहिलं. पीडेकडे पाहायचं नसतं हे मलाही कळतं, पण तो पीडा नव्हता. आमच्या वरच्या खोलीत राहणारा माणूस होता, आणि आपल्या घरच्या माणसाला पोचवायला गेलं की तो दिसेनासा होईपर्यंत मी उभी राहते.

तो काचेच्या आत उभा होता, त्या कोटात, हार हातात धरून, आमच्याकडे तोंड करून. मी पाहते आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याचे ओठ हलले. काचेतून आवाज आला नाही, पण त्याचा तो एकच शब्द मी कुठेही ओळखला असता.

काहून म्हणे!

मी हात हलवत राहिले.